डाव्या गुडघ्याचा डाव

बिशपसाहेब, माझ्या ताईचा पाय तुम्ही घेतलात. हात लावला नाहीत, हे मला ठाऊक आहे. तुमचे हात नेहमीच स्वच्छ असतात. पण ज्यांनी तो मोडला त्यांना तुमची मुभा होती, आणि मोडण्याआधी मी तुमच्या दाराशी येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही दार लावून घेतलंत. आता सगळं सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे ‘मला कुणी कळवलंच नाही’ म्हणायची सोय उरणार नाही.

गर्दीपासून सुरुवात करते, कारण तुम्हाला गर्दीच आवडली होती.

आमच्या चर्चचे मागचे बाक पूर्वी कबुतरांसाठी राखीव असल्यासारखे होते. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, म्हातारी माणसं, त्यांना धरून आणणाऱ्या सुना आणि झोपाळू गायकवृंद, एवढाच परिवार. मग तुम्ही तो नवा फादर पाठवलात आणि बघता बघता रविवारी पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरेना. लांबून बस भरून माणसं यायची. खांद्यावर मुलं, हातात मेणबत्त्या, भिंतीला टेकवलेल्या कुबड्या. कशासाठी? तर आई मान लववते ते बघायला.

वेदीच्या बाजूच्या कोनाड्यात पवित्र आईची लाकडी मूर्ती आहे, माणसाएवढी. आमच्या आजीच्या लहानपणापासून ती समोर बघत उभी होती. नव्या फादरने आल्या आल्या तिला वाळवी लागल्याचं सांगितलं आणि रंगवायला म्हणून बाहेरगावी पाठवलं. ती परत आली तेव्हा कोनाड्यापुढे पडदा होता, वेदीपाशी काहीतरी ठोकाठोक चालू होती, आणि पडदा निघाला तेव्हा वेदीच्या पायरीवर नवाकोरा लाल गालिचा होता. त्यानंतरच्याच रविवारी, सगळे गुडघ्यावर असताना, आईने मान खाली घातली. हळूच, जशी एखादी बाई शिवणावर वाकते तशी. आणि पुन्हा वर केली.

चर्चमध्ये एकदम रडणं फुटलं. मी तिथे नव्हते, पण नाकबूल करत नाही, दृश्य बघण्यासारखं असणार.

फादरचं नाव मी घेणार नाही. सगळे त्याला मागे गुडघेफादर म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. त्याच्या प्रवचनात गुडघ्याशिवाय दुसरा अवयवच नसायचा. देवाने माणसाला गुडघे चालण्यासाठी दिलेले नाहीत, तो म्हणायचा, चालता तर कोंबडीलाही येतं. गुडघा म्हणजे स्वर्गाच्या दाराची बिजागरी. बिजागरी गंजली की दार बंद. मग तो हात वर करून ओरडायचा, “गुडघा खाली,” आणि अख्खं चर्च उत्तर द्यायचं, “कृपा हाती.” लहान पोरं रस्त्यात खेळतानाही हेच ओरडायची. ही ओळ पत्रकांवर छापून घ्यायला तो आमच्या छापखान्यात यायचा. मी तिथे मुद्रितं तपासते. चुका शोधण्यावर माझं पोट आहे. लिहायलाही मी तिथेच शिकले, लोकांच्या चुका दुरुस्त करता करता. पण ह्या माणसाची सगळ्यात मोठी चूक माझ्या डोळ्यांसमोर घडली आणि मला दिसली नाही. ती ताईला दिसली, तेही न बघता.

ताईबद्दल सांगायला हवं. ती माझ्यासारखी नाही. मी चर्चची पायरी सोडून जमाना झाला. ताईची एक मिस्सा चुकली नाही. शिवणकाम करून घर चालवायची आणि रविवारी दुपारी पोरांना धर्मशिक्षण द्यायची. आज चर्चमध्ये चाळिशीच्या आतला जो कोणी क्रूसाची खूण करतो, त्याचा हात पहिल्यांदा ताईने धरलेला आहे. गुडघा कसा टेकायचा, पाठ कशी ठेवायची, घाई कशी करायची नाही, सगळं तिने शिकवलं. आणि तिलाच गुडघा टेकता येत नव्हता. वेदीमागच्या पडद्याला कड्या लावताना ती शिडीवरून पडली होती. ह्याच चर्चच्या शिडीवरून. उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी आत सळई घालून सांधा कायमचा सरळ बसवला आणि बजावलं की, हा पूर्वी दरवाजा होता, आता भिंत आहे, भिंत उघडायला जाऊ नका.

तेव्हापासून ताई उभ्यानेच मिस्सा ऐकायची, मधल्या खांबाशी, डोळे मिटून, मान खाली घालून. जुन्या फादरांनी कधी हरकत घेतली नाही. ताई पोरांनाही शिकवायची की ज्याला गुडघा टेकता येत नाही त्याने मान तुकवावी, देव तेवढ्यावर भागवतो.

गुडघेफादरचं भागलं नाही.

एका रविवारी आईची मान हललीच नाही. लोक वाट बघून कावरेबावरे झाले. फादर वळला, सबंध चर्चवरून नजर फिरवली आणि दुखऱ्या आवाजात म्हणाला, “कुणीतरी ताठ आहे.”

एवढंच. नाव नाही, बोट नाही. पण गुडघ्यांवर बसलेल्या त्या पसाऱ्यात एकच बाई उभी होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. ज्या रविवारी ताई सर्दीने घरी होती त्या रविवारी मात्र आईने मान लववली. झालं, आणखी काय पुरावा हवा? लांबून आलेली माणसं चमत्कार न बघता परत जायची आणि जाताना ताईकडे अशी बघायची की जणू तिने त्यांच्या आजारी पोराच्या तोंडचं औषध सांडलं. शिवायला टाकलेले कपडे लोक न शिवताच परत मागू लागले. आमच्या वरच्या मजल्यावरची मावशी, जिच्या मुलीचा लग्नाचा झगा ताईने रात्र रात्र जागून शिवला होता, ती जिन्यात म्हणाली, “अगं, एकदा टेक ना. सगळ्यांसाठी टेक. एवढा काय तो ताठा?”

ताईने तिला डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. मावशी म्हणाली, डॉक्टर मोठे की आई मोठी?

मी घरी ताईवर चिडले. म्हटलं, जाऊच नकोस. ती म्हणाली, “मी का जाऊ नको? माझंच घर आहे ते.” आणि मग हळूच, “खरंच माझ्यामुळे होत असेल का गं?”

ह्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला माफ करणार नाही. पाय ही पुढची गोष्ट. आधी त्याने हे तिच्या तोंडी आणलं.

त्याच आठवड्यात मी तुमच्याकडे आले, बिशपसाहेब. आठवतं? तुमच्या बाहेरच्या खोलीत, पॉलिशच्या वासात, मला सकाळभर बसवलं. मी एवढंच मागत होते की कुणीतरी ती मूर्ती जवळून तपासा, आणि तोवर उभं राहणाऱ्यांना सतावू नका असं सांगा. तुम्ही भेटला नाहीत. तुमच्या सचिवाने निरोप आणला, तुमच्याच शब्दांत म्हणाला: “श्रद्धेला भिंग लावत नाहीत.” आणि जाता जाता आपल्या पदरचं एक घातलं, की बाक भरलेत, बाई, आता कुठे भरलेत.

पुढच्या रविवारी मी ताईला आणायला गेले आणि बाजूच्या दारात उभी राहिले. आत गुडघा खाली, कृपा हाती चालू होतं. ताई खांबाशी डोळे मिटून उभी होती. मग गर्दीची शिस्त राखायचे बिल्ले लावलेल्या दोघी तिच्या दोन्ही बाजूंना आल्या. त्यातली एक मावशी. त्यांनी तिच्या खांद्यांवर हात ठेवले. मला वाटलं, धीर देतायत. त्या दाबत होत्या. ताई काहीतरी पुटपुटली, मावशी प्रेमाने “टेक, बाळा, टेक” म्हणत राहिली आणि दोघींनी अंगाचा भार टाकला.

आवाज मला दारापर्यंत आला. वाळकी फांदी पायाखाली यावी तसा.

मी पळत सुटले. गर्दी मध्ये होती. आणि त्याच क्षणी वेदीपुढे फादर गुडघ्यावर गेला, आणि आईने मान लववली. टाळ्या पडल्या, बिशपसाहेब. माझी बहीण फरशीवर पडली होती आणि माणसं आनंदाने टाळ्या वाजवत होती. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा तिने विचारलं, “लववली का?”

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पायाचा फोटो काढून बघितला. सळईच्या वर हाड फुटलं होतं, आतली सळई निसटून मांसात घुसली होती. पुढे जखमेत पू झाला. पाय राहील की नाही ते सांगता येत नाही, एवढंच ते सांगत राहिले. ताई छताकडे बघत पडून असायची. तिला पायाचं दुःख होतं, पण त्याहून जास्त हे खात होतं की ती टेकली तेव्हाच मान लवली. म्हणजे इतके दिवस तीच आड येत होती. चमत्कार खरा, आणि आपण दोषी. हा हिशेब तिच्या डोक्यात पक्का बसला होता आणि तो माझ्या शिव्यांनी निघत नव्हता.

एके दुपारी मी रागाच्या भरात त्या माणसाची नक्कल करत होते. तिला हसवावं म्हणूनही असेल. दोन्ही हात पसरले, डोळे वर लावले, “स्वर्गाच्या दाराची बिजागरी” म्हटलं आणि दारातून बघितलं होतं अगदी तसा पलंगाशेजारी गुडघा टेकला.

ताई छताकडून नजर काढून म्हणाली, “चुकतेस. उजवा टेकतात.”

सवय. ती मरत असताना कुणी तिच्यापुढे चुकीचा गुडघा टेकला तरी ती आधी तो दुरुस्त करेल.

मी म्हटलं, “त्याने डावाच टेकला होता.”

“शक्य नाही. मी पोरांना पहिल्याच दिवशी शिकवते. उजवा देवाला, डावा माणसाला. राजा असो की सरदार, माणसापुढे डावा. वेदीपुढे डावा टेकणारा फादर असूच शकत नाही.”

“ताई, मी उभी होते. मला स्वच्छ दिसला. आता नक्कल केली ती काय मनाने केली?”

मग तिने विचारलं की बाकी वेळी तो कुठला गुडघा टेकतो. मला काय माहीत, मी मिस्सेला जात नाही. तिनेच आठवलं: रोजच्या मिस्सेला वेदीपाशी येता-जाता तो नेहमी उजवाच टेकतो, तिने कितीदा पाहिलाय. मग आईची मान लवते तेव्हाच डावा का?

ती उठून बसायचा प्रयत्न करू लागली. मला म्हणाली, “गालिचा कधी आला गं?”

बघा बिशपसाहेब, किती साधं आहे. मिस्सेत फादर वेदीपुढे पुन्हा पुन्हा गुडघा टेकतो, उजवा. गालिच्याखाली आईची मान हलवणारी दाबायची फळी असणार; ती उजव्या बाजूला बसवली असती तर रोज सकाळी चार म्हाताऱ्यांपुढे आई एकसारखी मान डोलवत राहिली असती. म्हणून फळी डावीकडे. हवं तेव्हा डावा, नको तेव्हा उजवा. आणि हे कुणाला दिसू नये म्हणून सगळे गुडघ्यांवर. गुडघ्यावर बसलेल्या माणसाला पुढच्याच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही. उभ्या माणसाला दिसतं. ताईचा ताठा त्याला खुपत नव्हता. तिची उंची खुपत होती. डोळे मिटून उभी राहणारी बाई एखाद्या दिवशी डोळे उघडेल, ही भीती होती.

मला त्याच दुपारी जाऊन गालिचा फाडायचा होता. ताईने हात धरला. म्हणाली, मी बघितल्याशिवाय नाही. मी त्याच्यावर खोटा आळ घेणार नाही.

संधी त्यानेच दिली. तुम्ही स्वतः त्या चमत्काराचं दर्शन घ्यायला येणार म्हणून त्याने मोठी मिस्सा ठेवली आणि निरोप पाठवला की, जिचा हट्ट आईने मोडला त्या बहिणीला साक्षीसाठी पुढे आणून बसवा. हट्ट मोडला. हाच शब्द. डॉक्टर आधी नाही म्हणाले. मग त्यांनी ताईचं म्हणणं ऐकलं आणि म्हणाले, “चला, मीही येतो. चमत्कार बघून बरेच दिवस झाले.”

तर तुम्ही वेदीजवळ मोठ्या खुर्चीत, आणि समोर चाकांच्या खुर्चीत ताई, पाय प्लास्टरमध्ये पुढे काढलेला. मागे मी आणि डॉक्टर. फादरने ताईकडे हात करून तिची कथा सांगितली. लोक हुंदके देत होते. मग तो वेदीकडे वळला. “गुडघा खाली.” अख्खं चर्च खाली गेलं. तोही वाकला.

“फादर,” ताई म्हणाली. मोठ्याने नाही. रविवार दुपारच्या वर्गातल्या आवाजात. “उजवा गुडघा.”

त्या आवाजाची ताकद मला त्या दिवशी कळली. निम्म्या चर्चने नकळत आपला उजवा गुडघा चाचपला. माना वर झाल्या. आणि आता सगळे त्याचा गुडघा बघत होते. तो डावा होता, गालिच्यापासून वीतभर वर, अधांतरी.

काय करेल? डावा टेकावा तर सगळ्यांसमोर चुकीचा. उजवा टेकावा तर आई हलणार नाही. तो तसाच लटकला, एक पाय पुढे, एक मागे. मग त्याने पाय बदलला आणि उजवा टेकला. सगळ्यांनी आईकडे बघितलं.

आई समोर बघत उभी होती. आजीच्या लहानपणी होती तशी.

मी पुढे गेले. कुणी अडवायच्या आत पायरीवर चढले आणि डावीकडे गालिच्यावर पाय दाबला. पायात चप्पल होती. मी सरळ उभी होते, आयुष्यात कधी नव्हते इतकी ताठ. आईने मान लववली.

पाय काढला, मान वर. दाबला, खाली. मी दाबत राहिले, बिशपसाहेब. खोटं कशाला बोलू, मला गोड लागत होतं. त्याचा पांढराफटक चेहरा बघत मी पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. मागे कुणीतरी हसलं, कुणीतरी रडलं. आई बिचारी मान हलवत होती, दुकानातल्या बाहुलीसारखी.

“पुरे,” ताई म्हणाली. “ती आई आहे. तिला खेळवू नकोस.”

मी पाय काढला.

डॉक्टरांनी गालिचा उचलला. खाली एक फळी, फळीला बिजागरी, खाली स्प्रिंग, आणि तिथून फरशीच्या फटीतून कोनाड्याकडे गेलेली सायकलच्या ब्रेकची तार. मूर्तीच्या पाठीला छोटं दार कापलं होतं आणि मानेत फिरती खीळ बसवली होती. वाळवी नव्हतीच. डॉक्टरांनी फळी बोटाने दाबून बघितली आणि म्हणाले, “हा सांधा मात्र छान वाकतो.”

स्वर्गाच्या दाराची बिजागरी आम्हाला सापडली. तेल घातलेली होती.

आणि तुम्ही उठलात. मला वाटलं, आता तुम्ही त्या माणसाकडे वळाल, किंवा ताईकडे. तुम्ही हात वर केलेत आणि म्हणालात, “शांत व्हा. आपण सगळे गुडघे टेकून प्रार्थना करूया.”

कुणी टेकले नाहीत. ते तुम्ही बघितलंत. माणसं एकेक करून उभी राहत गेली आणि उभीच राहिली. वरच्या मजल्यावरची मावशी खांबाशी उभी राहून आपल्या दोन्ही हातांकडे बघत होती. ती अजून आमच्या दाराशी येते, बेल न वाजवता परत जाते. तिच्यावर माझा राग आहे, पण तुमच्यावर आहे तसा नाही. तिच्या हातांना कुणीतरी काम दिलं होतं.

पुढच्या महिन्यात ताईचा पाय मांडीपासून कापला. शुद्धीवर आल्यावर तिने चादरीकडे बघितलं आणि म्हणाली, “चला, आता टेक म्हणायला कुणाला तोंड नाही.” मग भिंतीकडे वळून रडली. दर रविवारी ती अजूनही जाते. खांबाशी चाकांची खुर्ची लावते. डोळे आता उघडे ठेवते.

हे वाचणाऱ्यांनो, मी तुम्हाला गुडघे टेकू नका असं सांगत नाही. मला ते जमत नाही; माझ्या बहिणीला जमत नव्हतं तरी तिच्याइतकी श्रद्धा मी कुणात पाहिली नाही. टेका. मनापासून टेका. पण जो माणूस टेकलेल्यांची डोकी मोजतो आणि उभ्या असलेल्याकडे बोट दाखवतो, त्याच्या पायाखालचा गालिचा आधी उचलून बघा. जे खरं असेल ते बघितल्याने मोडणार नाही. देव असेल तर त्याला ब्रेकची तार लागत नाही. आणि चमत्कार अडला म्हणून शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या खांद्यावर हात जाऊ लागला, तर तो हात आवरा. दोष तिच्या पायात नसतो, चमत्कार दाखवणाऱ्याच्या गुडघ्याखाली असतो.

आता तुम्ही, बिशपसाहेब. तुमच्या पत्रकात ‘दुर्दैवी गैरसमज’ असं छापलंय. मुद्रित माझ्याकडेच आलं होतं. मी शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. बाकीची चूक तुमची तुम्हाला काढावी लागेल. त्या माणसाला तुम्ही ‘विश्रांतीसाठी’ दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये पाठवलंत. त्या गावाहून परवा एक गिऱ्हाईक छापखान्यात आलं होतं. सांगत होतं की तिथली जुनी मूर्ती रंगवायला बाहेर गेली आहे आणि वेदीपुढे पडदा लागलाय.

म्हणून विचारते. त्या चर्चमध्ये कोण उभं राहतं? कुणाचा गुडघा वाकत नाही? तिचं नाव तुम्हाला माहीत आहे का, की तिच्या हाडाचाही आवाज दारापर्यंत येईतो वाट बघणार? आणि मी भिंग मागत होते तेव्हा तुम्ही ते का नाकारलंत? तार आहे हे माहीत नव्हतं म्हणून, की असेल अशी शंका होती म्हणून?

उत्तर द्या. त्याच खांबापाशी, ताईच्या खुर्चीसमोर येऊन द्या. गुडघे टेकून नको. उभे राहून द्या.